गिरणी कामगार संघटना, मुंबईतील

मुंबई शहरातील कापडगिरण्यांत काम करणाऱ्या मजुरांचे कामाचे तास, वेतन, सुट्टी, नोकरीची शाश्वती इ. बाबतींत सुधारणा घडवून आणण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून स्थापन झालेल्या संस्था व संघ. भारतातील संघटित कामगार चळवळीचा प्रारंभ पुष्कळ अंशी या गिरण्यांतून झाला आणि कामगारविषयक कायद्यांपैकी अनेकांची पहिली मागणी येथेच मांडली गेली. मुंबईच्या चळवळीचे एक वैशिष्ट्य आरंभीच ध्यानात घेणे इष्ट आहे. येथे कामगारांना मिळालेले टिकाऊ लाभ मालकांशी प्रत्यक्ष वाटाघाटी करून क्वचितच मिळाले. संपाच्या दडपणाने सरकारला चौकशी करणे भाग पडले आणि त्या चौकशीतून कायदा किंवा निवाडा निघाला, असाच क्रम बहुधा आढळतो. त्यामुळे लाभ सर्वांना मिळाले, संघाची वर्गणी न भरणाऱ्यांनाही. परंतु संघ मात्र संपात फुगले आणि संप सरताच ओसरले. कामगाराच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, हेही पुढे कायद्यानेच ठरविले व त्याचे परिणाम फार दूरवर झाले.

गिरण्यांतील प्रारंभीची स्थिती : कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची ताडदेव येथील गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढील तीन दशकांत गिरणगावाची वस्ती वाढत गेली. मजूर मुख्यतः रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतून येत. विजेचे दिवे येण्यापूर्वी काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत, म्हणजे उन्हाळ्यात तेरा तासांच्या आसपास चाले. आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. पगार महिना संपून गेल्यावर बऱ्याच दिवसांनी हाती पडे. बिघडलेले कापड विणकराच्या माथी मारून त्याची किंमत पगारातून कापून घेण्याची प्रथा होती. भरती जॉबर अथवा मुकादमाच्या हाती असे. तो दस्तुरी घेऊन काम देई, व्याजाने पैसे देई, खोलीची सोय लावी आणि मर्जी फिरली की कामावरून काढी. स्त्रियांच्या खात्यांत हेच काम नायकीण करी. जॉबर हा केवळ शोषक होता, असे मात्र म्हणता येत नाही. परक्या शहरात गावच्या माणसाचा तोच एक आधार असे आणि पहिल्या अनेक संपांत कामगारांना बाहेर काढणाराही तोच होता.

१८८१ च्या पहिल्या कारखाना अधिनियमाने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले. प्रौढांच्या कामाच्या तासांविषयी त्यात काहीच तरतूद नव्हती. या कायद्यामागे मानवतावादी विचार होता, तसाच मुंबईच्या स्वस्त कापडाची धास्ती घेतलेल्या लँकेशरच्या गिरणीमालकांचा आग्रहही होता.

लोखंडे यांचे कार्य : सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते व दीनबंधु पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–९७) यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरवून एक निवेदन तयार केले. त्यावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या पाच होत्या : दर रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार व कायमचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची तजवीज. आज या मागण्या साध्या वाटतात. त्या पदरात पडण्यास किती काळ लागला, हे पाहिले म्हणजे त्यांचे मोल कळते. साप्ताहिक सुट्टी सहा वर्षांनी मिळाली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली व तीत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. त्यानंतर १० जून रोजी गिरणीमालक संघाने सुट्टी मान्य केली. १८९१ च्या अधिनियमाने सुट्टीला व दुपारच्या विश्रांतीला कायद्याचा आधार दिला आणि स्त्रियांचे काम अकरा तासांवर आणले. अपघाताच्या नुकसानभरपाईचा कायदा होण्यास १९२३ साल उजाडले. वेळेवर पगाराचा कायदा तर १९३६ मध्ये, म्हणजे निवेदनानंतर बावन्न वर्षांनी झाला. पगाराची मुदत संपल्यापासून सात, आणि हजार वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत दहा दिवसांत वेतन देण्याचे बंधन त्याने घातले व दंडाच्या वसुलीस मर्यादा आणली.

लोखंडे यांच्या ‘बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन’ या संस्थेला सभासदांची नोंदवही, निधी वा नियम नव्हते. म्हणून ती कामगार संघटनाच नव्हे, असा आक्षेप घेतला जातो. आजच्या व्याख्येनुसार तो बरोबर आहे. तथापि कामगाराला स्वतःच्या नावाने सरकारदरबारी बोलता येते, ही जाणीव प्रथम तिनेच निर्माण केली.

विजेचे दिवे आल्यावर, विशेषतः १९०५ च्या सुमारास, कामाचा दिवस पुन्हा लांबला. १९११ च्या अधिनियमाने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या कामाला बारा तासांची मर्यादा घातली. याच सुमारास सी. के. बोले प्रभृतींची ‘कामगार हितवर्धक सभा’ कार्य करू लागली आणि १९११ मध्ये ना. म. जोशी (१८७९–१९५५) यांनी ‘सोशल सर्व्हिस लीग’ची स्थापना करून वस्त्यांतून शिक्षण, वाचनालये, सहकारी पतपेढ्या इ. कामे चालविली. लोकमान्य टिळकांना जुलै १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा कामगारांनी केलेला सहा दिवसांचा हरताळ वेतनासाठी नव्हता. परंतु सर्व गिरण्या एकदम बंद पाडता येतात, हा अनुभव त्यातून मिळाला.

संपांचा काळ : पहिल्या महायुद्धात गिरण्यांना अमाप नफा झाला, पण महागाईच्या मानाने वेतन वाढले नाही. जानेवारी १९१९ मध्ये एक लाखावर कामगार संपावर गेले आणि १९२० च्या आरंभी झालेल्या दुसऱ्या सार्वत्रिक संपानंतर गिरण्यांत दहा तासांचा दिवस आला. १९२२ च्या अधिनियमाने देशभर आठवड्याच्या कामाला साठ तासांची मर्यादा घातली. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली ‘अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस’ मुंबईतच स्थापन झाली.

संघ स्थापन करणे हाच तोपर्यंत कायद्याच्या दृष्टीने धोक्याचा व्यवहार होता. मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक गिरण्यांच्या मालकांनी बी. पी. वाडिया व इतर नेत्यांवर फिर्याद करून उच्च न्यायालयाकडून मनाई हुकूम मिळविला, तेव्हा ही गोष्ट स्पष्ट झाली. जोशी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात १९२१ मध्ये मांडलेल्या ठरावाची परिणती १९२६ च्या कामगार संघटना अधिनियमात झाली. किमान सात व्यक्तींना संघाची नोंदणी करता येऊ लागली व नोंदलेल्या संघाच्या पदाधिकाऱ्यांना संपाच्या संदर्भात कटाच्या आरोपापासून आणि दिवाणी दाव्यांपासून संरक्षण मिळाले. मालकाने संघाला मान्यता द्यावी, असे बंधन मात्र या कायद्यात नव्हते.

१९२५ मध्ये मालकांनी वेतनात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. सप्टेंबर ते डिसेंबर असा संप चालला. सरकारने कापडावरील साडेतीन टक्के अबकारी कराची वसुली थांबविल्यावर कपात मागे घेण्यात आली. मालकांचीही जुनी मागणी कामगारांच्या उपासमारीतून पुरी झाली, हा या संपाचा विलक्षण विशेष होय. लगेच जानेवारी १९२६ मध्ये जोशी यांच्या अध्यक्षतेखाली ‘बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन’ निघाली.

या काळातील सर्वांत मोठा लढा १९२८ चा. मालकांनी एका कामगाराकडे अधिक माग वा चात्या सोपविण्याची योजना आणली. तिच्याविरुद्ध एप्रिलच्या अखेरीपासून ४ ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगार संपावर होते. संप चालू असतानाच मे महिन्यात ‘गिरणी कामगार युनियन’ (लाल बावटा) स्थापन झाली, अ. अ. आळवे तिचे अध्यक्ष व श्रीपाद अमृत डांगे (१८९९–१९९१) सरचिटणीस होते. वर्षाअखेरीस तिची सभासदसंख्या पन्नास हजारांवर गेली. गिरणीगिरणीतून निवडलेल्या कामगारांच्या समित्या हे तिचे खरे बळ होते, कारण त्यामुळे जॉबरला वगळून खात्यातील तक्रार थेट संघापर्यंत जाऊ लागली. संयुक्त संपसमितीच्या सतरा मागण्यांची चौकशी फॉसेट समितीने केली. नोकरीचे स्थायी आदेश लेखी असावेत आणि निरनिराळ्या गिरण्यांतील एकाच कामाच्या दरांत मेळ असावा, हे विषय तेथे प्रथमच तपशिलाने चर्चिले गेले. मार्च १९२९ मध्ये मीरत कटाच्या खटल्यासाठी नेत्यांना अटक झाली. त्यानंतरचा संप फसला आणि युनियन जवळजवळ मोडली. परंतु तिने उपस्थित केलेले प्रश्न मिटले नाहीत. स्थायी आदेशांचा कायदा १९४६ मध्ये झाला आणि वेतनदरांचे प्रमाणीकरण औद्योगिक न्यायालयाच्या १९४७ च्या निवाड्याने झाले. त्यात किमान मूळ वेतन दरमहा ३० रुपये ठरविण्यात आले.

हे संप महिनोन्‌महिने टिकत ते संघाच्या निधीवर नव्हे, कारण निधी नसेच. कामगार गावी जाई, शेतीत राबे, घरचा दाणागोटा खाई. शहरात राहिलेल्यांना वाणी उधारी देई. कोकण व घाटावरील कोरडवाहू शेतीने मुंबईच्या चळवळीचा खर्च चालविला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

लाभांपासून वंचित राहिलेले : साचेखात्यात, म्हणजे विणकामात, वेतन अधिक असे, पण तेथे अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, म्हणून विटाळाचे कारण सांगण्यात येई. ही बंदी मालकांच्या नियमांत नव्हती, सहकारी कामगारांनीच घातलेली होती. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे मांडला, तेव्हा त्यांनी तो नाइलाजानेच स्वीकारला. कामगारांची एकजूट सांगणाऱ्या संघांच्या कार्यातील हा सर्वांत मोठा दोष मानावा लागेल. १९३६ मध्ये आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, त्यामागे या अनुभवाचा वाटा होता.

स्त्रियांच्या बाबतीत वेगळेच घडले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात गिरण्यांतील कामगारांपैकी सुमारे एक-पंचमांश स्त्रिया होत्या व त्या प्रामुख्याने सूत गुंडाळण्याच्या आणि लडी करण्याच्या खात्यांत असत. मुंबई इलाख्याने १९२९ मध्ये प्रसूती साहाय्य अधिनियम केला. भारतातील हा अशा प्रकारचा पहिला कायदा होय. १९२८ मध्ये विधेयकाला आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात पाठिंबा दिला होता. मात्र साहाय्याचा भार एकट्या मालकावर पडल्याने आणि स्त्रियांना रात्रपाळीची मनाई असल्याने मालक त्यांच्या जागी पुरुष घेऊ लागले. उषाताई डांगे, पार्वतीबाई भोर इ. कार्यकर्त्यांनी स्त्री कामगारांचे संघटन केले, तरी पुरुषांच्या वेतनासाठी जेवढा लढा दिला गेला, तेवढा स्त्रियांच्या नोकऱ्या टिकविण्यासाठी दिला गेला नाही.

बदली कामगार हा तिसरा वर्ग. सकाळी दारावर येऊन उभे राहावे आणि कोणी गैरहजर असेल तरच काम मिळावे, अशी त्याची स्थिती असे. १९३५ मधील बदली नियंत्रण योजनेने व १९५० मधील नोंदणी योजनेने जॉबरची मनमानी कमी झाली. बदलीपण मात्र संपले नाही. वर्षानुवर्षे बदली म्हणून राबणारे हजारो कामगार गिरण्यांत अखेरपर्यंत होते.

कायदा, निवाडे व प्रतिनिधित्व : १९३७ मध्ये प्रांतिक मंत्रिमंडळ आल्यावर नेमलेल्या कापडगिरणी कामगार चौकशी समितीच्या अंतरिम अहवालानुसार १९३८ मध्ये वेतनवाढ मिळाली. त्याच वर्षीच्या मुंबई औद्योगिक कलह विधेयकाने समझोत्याची लांबलचक प्रक्रिया पुरी होण्यापूर्वी केलेला संप बेकायदेशीर ठरविला. त्याविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष व कम्युनिस्ट यांनी एकत्र येऊन एक दिवसाचा संप केला. विधेयक तरीही संमत झाले. १९४० मधील संपानंतर महागाई भत्त्याचा प्रश्न अग्रभागी आला आणि पुढे हा भत्ता राहणीमान खर्चाच्या निर्देशांकाशी जोडण्यात आला. हा लाभ किरकोळ नव्हता : किंमती वाढल्या की नव्या लढ्यावाचून वेतन वाढू लागले. त्याबरोबर लढ्याचे क्षेत्रही बदलले; निर्देशांक मोजण्याची रीत हाच वादाचा विषय झाला. मुंबईचा निर्देशांक खऱ्या महागाईपेक्षा कमी दाखवितो, ही संघांची तक्रार १९६३ मध्ये नेमलेल्या लकडावाला समितीच्या तपासणीत खरी ठरली व भत्ता वाढवून मिळाला. बोनसविषयी कामगार अपील न्यायाधिकरणाने १९५० मध्ये मुंबईच्याच गिरण्यांच्या दाव्यात सूत्र घालून दिले आणि १९६५ मध्ये त्याचा कायदा झाला. आठवड्याला ४८ तास (१९४६ ची दुरुस्ती व १९४८ चा कारखाना अधिनियम), कामगार राज्य विमा (मुंबईत १९५४ पासून) व भविष्य निर्वाह निधी (१९५२) यांमुळे गिरणी कामगाराचे जीवन त्याच्या बापाच्या मानाने निश्चितच सुरक्षित झाले.

या सर्व लाभांना जोडून आलेली अट १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध अधिनियमात होती. एका स्थानिक क्षेत्रातील उद्योगात कायद्याने ठरविलेल्या प्रमाणात सभासद असलेला एकच संघ ‘प्रातिनिधिक संघ’ ठरे आणि करार करण्याचा अधिकार त्यालाच असे. अहमदाबादेत १९२० मध्ये स्थापन झालेल्या मजूर महाजनाने म. गांधींच्या प्रेरणेने लवादाची परंपरा निर्माण केली होती. तीच कायद्याने सर्वत्र आणावी, असा यामागील हेतू होता. अहमदाबादेत ती तळातून वाढली होती. मुंबईत ती वरून बसविली गेली. येथे हे स्थान काँग्रेसप्रणीत ‘राष्ट्रीय मिल मजदूर संघा’कडे गेले. १९५० मध्ये समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने बोनससाठी सुमारे दोन महिने संप केला आणि जवळजवळ सर्व गिरण्या बंद ठेवल्या, तरी कायद्याच्या दृष्टीने ती कोणाचीच प्रतिनिधी नव्हती. गुप्त मतदानाने प्रतिनिधी ठरवावा, ही मागणी तेव्हापासून वारंवार होत राहिली आणि ती मान्य झाली नाही.

१९८२ चा संप : १९८१ च्या बोनसच्या करारावरून हा असंतोष उफाळला. कामगार डॉ. दत्ता सामंत (१९३२–९७) यांच्याकडे नेतृत्वासाठी गेले व १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख कामगारांनी काम बंद केले. वेतनवाढ, बदली कामगारांना कायम करणे व १९४६ चा कायदा रद्द करणे या प्रमुख मागण्या होत्या. हा संप केवळ पगारवाढीसाठी होता, हे मत म्हणूनच अपुरे आहे. शासनाने व मालकांनी प्रातिनिधिक संघाखेरीज कोणाशीही बोलण्याचे नाकारले. दुसरीकडे नेतृत्वानेही उद्योगातील बदलाचा अंदाज घेतला नाही : अनेक गिरण्यांची यंत्रे जीर्ण झाली होती, कापड यंत्रमागांवर स्वस्तात विणून घेता येत होते आणि गिरण्यांखालील जमीन गिरण्यांपेक्षा मोलाची होऊ लागली होती. काही मालकांना बंद गिरणी तोट्याची नव्हती, म्हणून संपाचे जुने हत्यार बोथट झाले. संप विधिवत मागे घेतला गेला नाही. १९८३ मध्ये तो विरत गेला. त्या वर्षी केंद्र सरकारने मुंबईतील तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन हाती घेतले. हजारो कामगारांना पुन्हा काम मिळाले नाही.

उत्पादन भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांकडे गेले. लहानलहान एकके करून कारखाना अधिनियमाच्या कक्षेबाहेर राहण्याची रीत आणि बारा तासांची पाळी तेथे सर्रास आढळते. मुंबईत १९२० मध्ये जो दहा तासांचा दिवस मिळाला, त्याच्याही हा मागे आहे. प्रतिनिधित्वाच्या प्रश्नाला संसदेने २०२० मध्ये संमत केलेल्या औद्योगिक संबंध संहितेने वेगळे उत्तर दिले : हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेला संघ वाटाघाटींसाठी एकमेव, आणि तसा नसेल तर किमान २० टक्के पाठिंब्याच्या संघांचे मंडळ. संपापूर्वी सूचना देण्याचे बंधनही तिने सर्व औद्योगिक आस्थापनांना लागू केले.

मुंबईत गिरण्या बंद होत गेल्या तशी संघटनांची मागणी कामावरून जमिनीकडे वळली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या मोकळ्या जमिनीचा हिस्सा सार्वजनिक उपयोग व घरे यांसाठी राखला होता. २००१ च्या दुरुस्तीने तो बराच आटला व २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. कामगार व त्यांच्या वारसांसाठी घरे बांधण्याची मागणी संघटनांनी लावून धरली आणि गृहनिर्माण मंडळामार्फत २०१२ मध्ये मोठी सोडत निघाली. १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर गिरणीच्या पटावर असलेला कामगार यासाठी पात्र ठरतो. त्याचा पुरावा म्हणून तिकीट क्रमांक, हजेरीपत्र, पगाराची पावती, रजेची नोंदवही, भविष्य निर्वाह निधीचा वा राज्य विम्याचा क्रमांक यांसारखी कागदपत्रे ग्राह्य मानली जातात.